नेपियर टाउनची वाट आणि मोटारीची सरासरी

नागपूरहून जबलपुरास निघालेल्या मराठी माणसाला आपण परमुलखात चाललो आहो, असे सहसा वाटत नाही. १८१७ पर्यंत या प्रदेशावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे कित्येक वर्षे ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात नांदली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपुरास मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय आले, आणि दोन शहरांच्या मध्ये राज्याची सीमा उमटली. परंतु सोयरिकींना सीमा कोठून असणार? जबलपूरच्या गोलबाजारातील दत्तमंदिरापाशी संध्याकाळी उभे राहिले, तर मराठी शब्द आजही कानी पडतात. नेपियर टाउनमध्ये राहणारे माझे मामा अशाच एका जुन्या सोयरिकीचे.

यंदा गुढीपाडव्याला मामांकडे जावयाचे ठरले. निघण्याच्या आदल्या रात्री त्यांचा दूरध्वनी आला. प्रवासात खाण्यापिण्याचे काय, कोण कोण येणार, यांतले काहीच त्यांनी विचारले नाही. म्हणाले, "जावईबापूंना सांग, नागपूर सोडताना टाकी काठोकाठ भरून घ्या आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. इथे पोहोचल्यावर पुन्हा काठोकाठ भरायची. अध्येमध्ये पेट्रोल घ्यायचे नाही."

या आज्ञेमागे कारण होते. मामांची जुनी पेट्रोल मोटार यंदा पंधरा वर्षांची झाली. तिच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. नवी घ्यावी की हीच फेरनोंदणी करून वापरावी, आणि नवी घ्यावयाची तर साधी घ्यावी की हायब्रीड, असा प्रश्न घरात दोन महिने घोळत होता. पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. तेव्हा त्या दिवसापर्यंत निर्णय व्हावा, अशी मामांची इच्छा. माझ्या मामेबहिणीच्या यजमानांकडे हायब्रीड मोटार आहे, आणि तिच्यातूनच आम्ही जाणार होतो. मामांना ती चार दिवस आपल्या शहरात, आपल्या रस्त्यांवर चालवून पाहावयाची होती.

"म्हैस घेताना गिऱ्हाईक दोन वेळचे दूध स्वतः काढून बघते," ते म्हणाले. "विकणाऱ्याच्या शब्दावर कोणी दावे सोडीत नाही. मोटारीला मात्र आपण कागदावरचा आकडा वाचून पैसे मोजतो!"

महामार्गावर

मनसर, देवलापार, खवासा अशी गावे मागे पडली आणि पेंचच्या अरण्याचा भाग लागला. येथे महामार्ग खांबांवर उचलून घेतला आहे व खालून वन्य प्राण्यांना वाट मोकळी ठेवली आहे. वर माणसांची घाई धावत असते, खाली हरणे व वाघ आपापल्या वेळेने जात असतात. भाऊजींच्या गाडीचा काटा ताशी शंभरच्या आसपास होता. कुरईचा घाट, सिवनी, लखनादौन, बरगी असे टप्पे घेत आम्ही दुपारी जबलपुरात शिरलो. मामांनी सांगितलेल्या पंपावर टाकी भरली. २७८ किलोमीटरांस १४.७ लिटर पेट्रोल लागले. म्हणजे लिटरमागे १८.९ किलोमीटर. गाडीतील पडदा मात्र वीसच्या वरचा आकडा दाखवीत होता.

भाऊजी थोडे ओशाळले. या वर्गातील हायब्रीड गाड्यांचा अधिकृत आकडा सव्वीस ते अठ्ठावीसच्या घरात असतो, आणि सासऱ्यांच्या दारात एकोणीससुद्धा पुरते भरले नव्हते.

मामांचे घर

नेपियर टाउन ही जबलपुरातील जुनी, ऐसपैस वसाहत. रुंद आवारांतले कौलारू बंगले आता थोडे उरले आहेत. त्यांच्या जागी दवाखाने, औषधांची दुकाने आणि सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरी भंवरताल उद्यानाने या भागाची सावली राखून ठेवली आहे. आचार्य रजनीश, म्हणजे नंतरचे ओशो, यांनी आपल्याला १९५३ साली ज्ञानप्राप्ती झाली असे सांगितले, ती याच उद्यानातील बकुळीखाली. त्यामुळे दूरदेशीचे प्रवासीही ते झाड पाहावयास येतात. जवळच राणी दुर्गावतीच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आहे, गृहविज्ञान महाविद्यालय आहे, आणि मुलींची रहदारी, रुग्णवाहिका, सायकली व ई-रिक्षा यांनी रस्ता दिवसभर भरलेला असतो.

मामांनी आपले सारे आयुष्य मोटारींत घालविले, परंतु ते मालक म्हणून नव्हे. जबलपूर हे तोफगाड्यांचे व सैनिकी वाहनांचे शहर. येथील तोफगाडी कारखाना १९०४ सालचा, आणि सैन्यासाठी वाहने बनविणारा कारखाना १९६९ सालचा. 'शक्तिमान' मालमोटारी येथे घडल्या, आणि 'जोंगा' ही दणकट गाडीही येथलीच. पुष्कळांना हे नाव आफ्रिकेतील एखाद्या प्राण्याचे वाटते. प्रत्यक्षात 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली' या शब्दांची आद्याक्षरे जोडून ते झाले आहे. म्हणजे गाडीच्या नावातच जबलपूर बसलेले आहे. जोंगाचे सहा नळकांड्यांचे इंजिन जवळजवळ चार लिटर क्षमतेचे होते, व तिची तहानही त्या मानानेच होती. मामा वाहन कारखान्यात अडतीस वर्षे होते. "आमच्या गाड्यांना पाणी पाजावे तसे पेट्रोल पाजले," असे ते आजही हसून सांगतात. कदाचित त्याचीच भरपाई म्हणून स्वतःच्या गाडीत टाकलेल्या प्रत्येक लिटरची नोंद ते वहीत करतात. तारीख, किलोमीटर, लिटर, आणि शेवटच्या रकान्यात एखादा शब्द: 'नागपूर', 'लग्न', 'पाऊस', 'टायरमध्ये हवा कमी'.

मामी मात्र वही पाहत नाहीत. त्यांचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. नागपुरास लेकीजवळ राहून शस्त्रक्रिया करून घ्यावयाची, असे दोन वर्षे चालले आहे. त्यासाठी बँकेत वेगळी रक्कम ठेवलेली आहे. विक्रेत्याने दिलेल्या दोन दरपत्रकांत, एकाच मोटारीच्या साध्या व हायब्रीड प्रकारांत, तीन लाखांच्या आसपास फरक होता. तो फरक भरावयाचा तर गुडघ्यांच्या रकमेत हात घालावा लागणार, हे घरात सर्वांना ठाऊक होते. बोलत कोणी नव्हते. मामीच एकदा म्हणाल्या, "अहो, माझे गुडघे काय, थांबतील आणखी दोन वर्षे. तुम्हांला गाडी आवडली आहे ना?"

'हायब्रीड' म्हणजे काय?

मी शास्त्राची विद्यार्थिनी नव्हे; बी. ए. होऊन भाषांतराच्या नोकरीत शिरले. म्हणून प्रथम शब्दापाशीच अडखळले. 'हायब्रीड' हा शब्द मराठी घरांत मोटारीच्या पुष्कळ आधी आला, तो ज्वारीबरोबर. १९६४ साली 'सीएसएच-१' हे संकरित ज्वारीचे वाण आले, आणि पुढे खेडोपाडी त्या पिकालाच लोक 'हायब्रीड' म्हणू लागले. पीक भरघोस, परंतु भाकरीला पूर्वीची गोडी नाही, अशी तक्रार आमच्या आजीच्या तोंडी नेहमी असे. संकरित मोटारीतही दोन जाती एकत्र नांदतात: एक पेट्रोलचे इंजिन, दुसरी विजेची मोटर.

कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्शे यांनी १९०० सालीच अशी गाडी केली होती. मोठ्या प्रमाणावर ती प्रथम विकली गेली जपानात, १९९७ अखेरच्या 'टोयोटा प्रियस'च्या रूपाने. भारतात २००८ मध्ये 'होंडा सिव्हिक'ची संकरित आवृत्ती आली, २०१० मध्ये 'प्रियस' आली. परंतु त्यांच्या किंमती मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर होत्या. २०२२ साली 'होंडा सिटी', 'मारुती ग्रँड व्हिटारा' व 'टोयोटा हायरायडर' यांच्या संकरित आवृत्त्या येथेच तयार होऊन बाजारात आल्या, आणि तेव्हापासून जबलपूरसारख्या शहरांतील घरांतही हा प्रश्न विचारला जाऊ लागला.

येथे ग्राहकाने एक खूणगाठ बांधावी. बाजारात 'हायब्रीड' या एकाच पाटीखाली दोन निराळ्या वस्तू मिळतात. 'माइल्ड' म्हणजे सौम्य प्रकारात विजेची मोटर केवळ इंजिनास हातभार लावते. एकटी गाडी ओढू शकत नाही. 'स्ट्राँग' म्हणजे सबळ प्रकारात मोटर काही अंतर इंजिन बंद ठेवून गाडी चालविते. भाऊजींची गाडी दुसऱ्या प्रकारची. तिला भिंतीतील विजेची जोडणी लागत नाही. तिची बॅटरी लहान असते, आणि ती भरते ती वाटेतच.

ती कशी भरते, हे मामांनी मला स्वयंपाकघरात समजावून सांगितले. "हे बघ, माणसे धरून तेराशे किलोची गाडी ताशी चाळीसच्या वेगाने चालली आहे. समोर गाय आली. तू ब्रेक दाबलास. गाडीच्या अंगात जो वेग होता तो कुठे गेला? ब्रेकच्या तबकड्या तापल्या, आणि ती ऊब वाऱ्यावर गेली. गाय बाजूला झाली. आता पुन्हा चाळीसचा वेग आणायला किती पेट्रोल लागेल? सुमारे दहा मिलिलिटर." त्यांनी मामींच्या डब्यातला चहाचा चमचा उचलला. "हा पाच मिलिलिटरचा. म्हणजे एका गायीमागे दोन चमचे. शंभर गायी झाल्या की एक लिटर."

संकरित गाडीत पाय ब्रेकवर गेला की विजेची मोटर उलट काम करू लागते. ती चाकांकडून वीज काढून घेते, गाडी मंदावते, आणि जी ऊब वाऱ्यावर जाणार होती तिच्यातील बराच भाग बॅटरीत साठतो. पुढच्या वेळी गाडी हलते ती त्या साठ्यावर. शिवाय चौकात उभे असताना इंजिन फुकट जळत नाही. हे दोन्ही लाभ थांबण्याचे आहेत. जी गाडी थांबतच नाही, तिला ते मिळावे कसे? महामार्गावरच्या एकोणीसचे उत्तर येथे होते. तेथे मुख्य झगडा वाऱ्याशी असतो, आणि वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ऐंशीवरून शंभरवर गेले की तो दीडपटीहून अधिक होतो. त्या झगड्यात बॅटरीची मदत थोडी.

चार दिवसांची परीक्षा

मामांनी परीक्षेचे मार्ग आखले ते आपल्या नित्याच्या जाण्यायेण्याचे. पहिला दाटीचा: घरून भंवरतालवरून तीन पत्ती, नौदरा पूल, बडा फुहारा, आणि गोलबाजारातून परत. दुसरा शास्त्री पुलावरून रामपूरकडे व तेथून नर्मदेवर ग्वारीघाटास. तिसरा नव्या उड्डाणपुलाचा. मदनमहाल ते दमोह नाका असा सुमारे सात किलोमीटरांचा हा पूल ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला, आणि त्यावरून जाताना एरवी गर्दीत हरवणारे शहर छपरांच्या उंचीवरून दिसते.

पहिल्या दिवशी मामी मागे बसल्या. भंवरतालच्या चौकात गाडी थांबली आणि सगळा आवाज एकदम विरला. मामी घाबरून म्हणाल्या, "बंद पडली का हो?" मामा हसले. बंद पडलेली गाडी पुढच्याच क्षणी मुकाट्याने चालू लागली. बडा फुहाऱ्याकडच्या गर्दीत, जेथे मामांची जुनी गाडी कण्हत, तापत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगते, तेथे ही जवळजवळ विजेवरच सरकत होती. घरी परतल्यावर पडद्याने सांगितले की, एकूण वेळेपैकी साठ टक्के वेळ इंजिन बंदच होते. ज्या माणसाने चार लिटरच्या इंजिनांची गर्जना ऐकण्यात जन्म काढला, तो त्या दिवशी फाटकापाशी गाडीतच बराच वेळ बसून राहिला. मामी हळूच मला म्हणाल्या, "बघ, लहान मुलासारखे झाले आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन तापले व वातानुकूलन लावावे लागले. तेव्हा निराळाच प्रकार दिसला. उभ्या गाडीतील गारवा बॅटरी खाऊ लागला, आणि दर थोड्या वेळाने ती भरण्यासाठी इंजिन आपोआप सुरू होऊ लागले. सकाळी चोविसाचा असलेला आकडा दुपारी एकोणिसावर आला. उड्डाणपुलावर एकसारख्या पन्नासच्या वेगाने गेलो तेव्हा संकरित गाडीने छानच आकडा दाखविला. परंतु तेथे मामांची जुनी गाडीही शहरातील तिच्या एरवीच्या कामगिरीपेक्षा खूपच चांगली चालली, आणि दोघींमधील अंतर घटले. त्यावरून मामांनी सूत्र काढले: रस्ता जितका वाईट, तितका संकरित गाडीचा फायदा अधिक, रस्ता सुधारला की साधी गाडीही सुधारते.

चार दिवसांत ११८ किलोमीटर झाले, पेट्रोल ५.३ लिटर गेले. लिटरमागे बावीसहून थोडे अधिक. मी आनंदाने आकडा वहीत लिहावयास घेतला, तर मामांनी हात धरला. "पेन्सिलीने लिही. पंपाची नळी कधी लवकर मिटते, कधी उशिरा. पाच लिटरांत अर्ध्या लिटरची चूक झाली तर आकडा दहा टक्क्यांनी खोटा ठरतो. एक टाकी म्हणजे साक्ष नव्हे. निदान पाच-सहा टाक्या पाहाव्या." सुदैवाने भाऊजींनी दीड वर्षाच्या नोंदी ठेवल्या होत्या. तेहतीस हजार किलोमीटरांत त्यांची सरासरी २१.४ पडली होती. मे महिन्यात साडेअठरा, जानेवारीत साडेतेवीस.

खरा आकडा कोणता?

मग कागदावरचे सव्वीस-अठ्ठावीस खोटे का? मामांनी या शब्दाला हरकत घेतली. तो आकडा जेथे निघतो त्या संस्थांतील एक प्रमुख संस्था पुण्यास, कोथरूडच्या बाजूला वेताळ टेकडीवर आहे: 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया', स्थापना १९६६. तेथे गाडी रस्त्यावर नेत नाहीत. ती रुळांवर उभी करतात, चाके जागच्या जागी फिरतात, आणि चालक ठरवून दिलेल्या आलेखाप्रमाणे वेग वाढवितो, कमी करतो, थांबतो. हा क्रम सुमारे वीस मिनिटांचा असतो. त्यात वेग कधीही ताशी ९० च्या वर जात नाही, आणि वातानुकूलन बंद असते. पेट्रोलही लोट्याने मोजीत नाहीत. धुरातील कर्बाचे प्रमाण पाहून जळालेल्या इंधनाचा हिशेब काढतात. सर्व गाड्यांना एकच प्रश्नपत्रिका मिळावी, हा या परीक्षेचा हेतू. दोन गाड्यांची तुलना करावयास ती योग्यच आहे. परंतु त्या प्रश्नपत्रिकेत बडा फुहारा नाही, चैत्रातली दुपार नाही, मागच्या आसनावर तीन पाहुणे नाहीत, आणि नागपूर गाठण्याची घाईही नाही.

पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. २०२५ पर्यंत देशभर त्यात वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. उसापासून व धान्यापासून होणाऱ्या या द्रवाने परदेशी तेलाची आयात कमी होते, हा मोठा लाभ. मात्र एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. म्हणून निव्वळ पेट्रोलच्या मानाने या मिश्रणाच्या लिटरमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. जुन्या वहीतील आकड्यांशी नवे आकडे ताडून पाहताना हे ध्यानात ठेवावे लागते.

भाषांतरकाराच्या सवयीने मला येथे आपल्या बोलण्याचीच गंमत वाटली. 'गाडी ॲव्हरेज किती देते?' असे आपण विचारतो. जणू गाडी हीच देणारी! ॲव्हरेज म्हणजे सरासरी; आणि सरासरी ही कशाची तरी, कोणाची तरी असावी लागते. ती रस्त्याची असते, ऋतूची असते, चालविणाऱ्याच्या पायाची असते. पुण्याच्या टेकडीवरील सरासरी ही त्या टेकडीवरची. नेपियर टाउनची सरासरी नेपियर टाउनमध्येच काढावी लागते.

हिशेबाची रात्र

पाडव्याच्या आदल्या रात्री जेवणे झाल्यावर मामांनी वही उघडली. दोन स्तंभ पाडले: एक जावयांचा, एक स्वतःचा. मोटार त्याच वर्गाची धरली. साध्या प्रकाराला शहरात लिटरमागे चौदा व महामार्गावर अठरा, संकरित प्रकाराला शहरात बावीस व महामार्गावर साडेवीस. पेट्रोल लिटरला १०७ रुपये धरले.

भाऊजींना नोकरीमुळे वर्षाला बावीस हजार किलोमीटर फिरावे लागते. त्यांपैकी सोळा हजार शहरात. साध्या गाडीस वर्षाला १,४७६ लिटर लागले असते, संकरित गाडीस १,०२० पुरतात. वाचले ४५६ लिटर, म्हणजे जवळजवळ एकोणपन्नास हजार रुपये. तीन लाखांचा फरक सहा वर्षांहून थोड्या अधिक काळात फिटतो. काही निर्माते बॅटरीची हमी आठ वर्षांची देतात, तेव्हा व्यवहार हमीच्या आतच पुरा होतो. शिवाय एक लिटर पेट्रोल जळाल्याने सव्वादोन किलोहून अधिक कर्बवायू हवेत जातो. त्या हिशेबाने वर्षाला एक टनाहून अधिक वायू वाचतो. "जावईबापू," मामा म्हणाले, "आपण योग्य गाडी घेतली आहे." भाऊजींचा चेहरा पाच दिवसांनी प्रथम खुलला.

मग मामा स्वतःच्या स्तंभाकडे वळले. जुन्या वह्यांनी त्यांना सांगितले की, निवृत्तीनंतर त्यांची गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटरच चालते. चार हजार गावात, दोन हजार बाहेर. साधी नवी गाडी ३९७ लिटर पिईल, संकरित २७९. वाचणार ११८ लिटर. साडेबारा हजार रुपये. तीन लाखांना त्यांनी साडेबारा हजारांनी भागले, आणि पेन्सिल खाली ठेवली.

"चोवीस वर्षे," ते म्हणाले. "तेव्हा मी पंचाण्णव वर्षांचा असेन."

कोणीच हसले नाही. कराचा फरक, राज्याची सवलत, असे काही निमित्त आम्ही शोधू लागलो. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा या गाड्यांवर उपकरासह ४३ टक्के कर होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरहून लांब संकरित गाडीवर तो ४० टक्के झाला. परंतु त्याच वर्गाच्या साध्या पेट्रोल गाडीवरही तितकाच झाला. फरक राहिला तो राहिलाच. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये सबळ संकरित गाड्यांचा नोंदणीकर माफ केला होता, तेथे हिशेब निराळा झाला. म्हणून एका राज्यातील आप्तांचे ऐकून दुसऱ्या राज्यातील कुटुंबाने निर्णय घेऊ नये. मामांनी सर्व ऐकून घेतले व शांतपणे म्हणाले, "गाडी उत्तम आहे. पण ती फार चालणाऱ्याची आहे. मी आता फार चालत नाही." मग मामींकडे न पाहताच पुढे म्हणाले, "चालायचे तुला आहे. जावईबापू, दवाखान्याची तारीख घेऊन टाका."

मामी उठून पाणी आणावयास गेल्या. त्यांना परत यावयास जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गुढी उभी राहिली. कडुलिंबाची कोवळी पाने वाटून झाली. नवी गाडी दारात आली नाही. जुनीचेच टायर तपासून हवा भरली, तिला हार घातला, आणि फेरनोंदणीचे कागद देवापुढे ठेवले. परतीच्या प्रवासात भाऊजींनी मामांची एक सूचना मानली व ताशी ऐंशी-पंच्याऐंशीच्या वर वेग जाऊ दिला नाही. पाऊण तासापेक्षा कमीच उशीर झाला. त्याच २७८ किलोमीटरांस या वेळी १२.४ लिटर पुरले. लिटरमागे बावीसहून अधिक. गाडी तीच, रस्ता तोच. बदलला होता तो फक्त उजवा पाय.

आता दीड महिना होऊन गेला. मामींचा एक गुडघा नीट झाला आहे, दुसऱ्याची तारीख ठरली आहे. मध्यंतरी काही दिवस त्या घरी जाऊन राहिल्या, तेव्हा मीही बरोबर होते. मामा आता चौकात लांब थांबावे लागले की हाताने किल्ली फिरवून इंजिन बंद करतात, पुढचा दिवा लाल दिसताच दुरूनच पाय उचलतात, आणि गाडीला आपल्या वेगाने मंदावू देतात. वहीत शहराची सरासरी बारावरून साडेतेरावर आलेली मी पाहिली. शेवटच्या रकान्यात त्यांनी शब्द लिहिला होता: 'सावकाश'.

संध्याकाळी आम्ही ग्वारीघाटास निघालो. शास्त्री पूल उतरताना एक सायकल आडवी आली आणि मामांनी कचकन ब्रेक दाबला. मागच्या आसनावरून मामींचा आवाज आला:

"अहो, दोन चमचे!"